मालकही मंत्री, राखणदारही मंत्री: ग्रोनिंगनच्या गॅसचं प्रकरण

जानेवारी 2013 मध्ये नेदरलँड्सचे अर्थव्यवहार मंत्री हेंक काम्प यांच्या टेबलावर एक पत्र आलं. काम्प यांना या खात्यात येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. ऊर्जा, खाणी आणि जमिनीखालचा गॅस हे सगळं तेव्हा त्या देशात याच खात्याकडे असायचं. पत्र पाठवणारं राज्य खाण निरीक्षणालय म्हणजे खाणींच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणारी, 1810 पासून चालत आलेली, मंत्र्यांच्याच अखत्यारीतली यंत्रणा. पत्रातला मजकूर थोडक्यात असा: ग्रोनिंगनच्या गॅसक्षेत्रातले भूकंप संख्येनेही वाढत आहेत आणि जोरानेही. इथला भूकंप 3.9 तीव्रतेच्या वर जाणार नाही असं आजवर धरून चाललो होतो, ते आता धरता येत नाही. 4 ते 5 तीव्रतेचा धक्का बसू शकतो. म्हणून गॅसचा उपसा जितक्या लवकर आणि जितका कमी करणं शक्य आहे तितका करा.

सरकारी पत्रव्यवहारात इतकी सरळ भाषा क्वचितच वाचायला मिळते. एरवी अशा पत्रांत ‘विचार व्हावा’, ‘अभ्यास करावा’ अशी पळवाट ठेवलेली असते. इथे ती नव्हती.

मंत्र्यांनी पुढे काय केलं आणि का केलं, हा या प्रकरणाचा गाभा आहे. नैसर्गिक संसाधनांच्या मंत्र्याचं काम म्हणजे काय, हे समजून घ्यायला ग्रोनिंगनइतकं नीट नोंदलं गेलेलं उदाहरण दुसरं मिळणं कठीण. फाइली खुल्या झाल्या, न्यायालयाने निकाल दिले, संसदेने मंत्र्यांना आणि पंतप्रधानांना शपथेवर साक्षीला बसवलं. आपल्याला फक्त ते क्रमाने वाचायचं आहे.

गॅस कोणाचा

1959 मध्ये ग्रोनिंगन प्रांतातल्या स्लोख्टेरेन गावाजवळ खोदलेल्या विहिरीत गॅस लागला. सुरुवातीला साठ्याचा नीट अंदाजही आला नव्हता. पुढे कळलं की काढता येण्याजोगा गॅस सुमारे 2,800 अब्ज घनमीटर आहे; म्हणजे युरोपातलं सर्वांत मोठं गॅसक्षेत्र. शोध लावला एनएएम या कंपनीने. तिची मालकी शेल आणि एक्सॉन यांच्यात निम्मी-निम्मी. सरकारला गॅस हवा होता, पण तो काढण्याचं तंत्र आणि भांडवल कंपन्यांकडे होतं. तत्कालीन मंत्री यान विलेम द पाउस यांनी 1962 मध्ये एक टिपण संसदेपुढे ठेवलं आणि त्यातून जी रचना उभी राहिली तिला डच लोक ‘गॅसखेबाउ’ म्हणतात. गॅसची इमारत.

इमारत मोठी चतुराईने बांधलेली होती. गॅस काढणाऱ्या भागीदारीत एनएएमचा वाटा 60 टक्के आणि सरकारी कंपनीचा 40 टक्के. विक्री आणि वाहतूक ज्या कंपनीकडे होती तिच्यातही सरकार निम्म्याचं मालक. त्यावर कर आणि जादा नफ्यातला हिस्सा वेगळा. सगळं मिळून ग्रोनिंगनच्या नफ्यातला बहुतांश पैसा तिजोरीत जायचा; 2018 पूर्वीच्या सूत्रानुसार सुमारे 90 टक्के. भागीदारीच्या बैठकीला मंत्रालयाचा वरिष्ठ अधिकारी स्वतः बसायचा. वाद व्हायचे ते बंद दाराआड आणि मिटायचेही तिथेच. कित्येक दशकं जगभरच्या तेल-गॅसवाल्या देशांना ही रचना आदर्श म्हणून दाखवली गेली. पैशांचा हिशोब बघितला तर ती आदर्श होतीच. संसदीय चौकशी समितीने नंतर काढलेल्या आकड्यांनुसार सरकारला या क्षेत्रातून सुमारे 363 अब्ज युरो मिळाले, कंपन्यांना सुमारे 66 अब्ज.

आता मंत्र्याच्या बाजूने बघा. सरकारी कंपनीमार्फत तो भागीदार. खाणकाम कायद्याखाली उत्पादनाचा आराखडा मंजूर करायचा तोही त्यानेच, म्हणजे परवाना देणारा. खाण निरीक्षणालय त्याच्या खात्यात, म्हणजे राखणदार. हिवाळ्यात देशातल्या सुमारे 70 लाख घरांतला हीटर चालू राहिला पाहिजे, याची जबाबदारीही त्याच्यावर. आणि मंत्रिमंडळात अर्थसंकल्प जुळवायला बसलं की गॅसच्या उत्पन्नाचा आकडा त्याच्याच खात्यातून यायचा. सगळी नाती एकाच खुर्चीत. यातली दोन एकमेकांविरुद्ध उभी राहिली तर निवाडा कोणी करायचा, याचं उत्तर त्या सुबक इमारतीत कुठेच नव्हतं. पन्नास वर्षं तशी वेळ आली नाही असं सगळे समजत होते, आणि ते समजणंही खरं नव्हतं.

हादरे कुठून आले

गॅस आहे सुमारे तीन किलोमीटर खोल, वालुकाश्माच्या थरात. खडकाच्या छिद्रांत तो प्रचंड दाबाखाली कोंडलेला होता. वरच्या जमिनीचं ओझं काही अंशी तोच पेलत होता. गॅस काढला की दाब उतरतो आणि खडक आवळला जातो. सगळीकडे सारखा आवळला गेला असता तर जमीन नुसती हळूहळू खचली असती. पण या थरात शेकडो जुने भ्रंश, म्हणजे खडकातल्या भेगा, आहेत. एका बाजूचा खडक जास्त दबतो, दुसरीकडचा कमी, भ्रंशावर ताण साचतो आणि एक दिवस तो घसरतो. भूकंप लहान असतो पण फार खोल नसतो, आणि वर मऊ चिकणमाती. त्यामुळे 3.6 हा आकडा कागदावर किरकोळ वाटला तरी विटांच्या जुन्या घराला तो किरकोळ नसतो. भूकंप ठाऊकच नसलेल्या देशात ती घरं त्या हिशोबाने बांधलेली नव्हती.

पहिला धक्का डिसेंबर 1986 मध्ये आस्सेन शहराजवळ बसला. तो मुख्य क्षेत्राच्या बाहेर होता, पण तिथेही गॅस काढला जात होता. मेंट फान डर स्लाउस या भूगोल-अभ्यासकाने गॅस आणि भूकंप यांचा संबंध जाहीरपणे मांडला तेव्हा त्याची टर उडवली गेली. 1991 मध्ये खुद्द ग्रोनिंगन क्षेत्रात धक्का बसला. 1993 मध्ये अधिकृत अभ्यासाने संबंध मान्य केला. मात्र त्याला एक शेपूट जोडलेलं होतं: धक्के किरकोळच राहतील, फार तर घराला तडा जाईल, भरपाई दिली की काम झालं. पुढची वीस वर्षं सगळी यंत्रणा या शेपटाला धरून बसली. भूकंप हा ‘नुकसानीचा विषय’ ठरला, ‘सुरक्षिततेचा’ नाही. एका खात्यात विषयाचं असं एकदा वर्गीकरण झालं की ते मोडायला मोठा धक्का लागतो.

तो 16 ऑगस्ट 2012 ला रात्री साडेदहाच्या सुमारास हाउझिंगे गावाजवळ बसला. तीव्रता 3.6, या क्षेत्रातला आजवरचा सर्वांत मोठा. निरीक्षणालयाने त्यानंतर आपली आकडेमोड पुन्हा केली आणि जानेवारीतलं ते पत्र लिहिलं.

मंत्र्यांचा निर्णय

25 जानेवारी 2013 रोजी काम्प यांनी संसदेला पत्र लिहून सगळं सांगितलं. हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं: लपवाछपवी त्यांनी केली नाही. निरीक्षणालयाचा सल्ला, संभाव्य तीव्रता, सगळं उघड केलं. आणि त्याच पत्रात ठरवलं की उपसा कमी करण्याचा निर्णय आत्ता घेणार नाही. आधी अभ्यास करून घेऊ. एकूण 14 अभ्यास. भूकंप किती मोठा होऊ शकतो, घरं किती पक्की आहेत, गॅस कमी काढला तर पुरवठ्याचं काय, तिजोरीचं काय. वर्षअखेरीस सगळे अहवाल आले की निर्णय.

त्यांची अडचण खोटी नव्हती. ग्रोनिंगनचा गॅस वेगळा आहे. त्यात सुमारे 14 टक्के नायट्रोजन असल्याने तो कमी उष्मांकाचा. देशातल्या शेगड्या आणि बॉयलर याच गॅसला जुळवलेले. जर्मनी, बेल्जियम, फ्रान्समधल्या लाखो घरांनाही हाच गॅस करारानुसार जायचा. बाहेरून आणलेला जास्त उष्मांकाचा गॅस तसाच नळीत सोडता येत नाही, त्यात नायट्रोजन मिसळून तो पातळ करावा लागतो आणि त्यासाठी कारखाने लागतात. शिवाय मंदीचा काळ होता, सरकारचं काटकसरीचं धोरण चालू होतं, आणि गॅसचं उत्पन्न वर्षाला 10 अब्ज युरोंहून अधिक होतं. एनएएमचे तज्ज्ञ निरीक्षणालयाच्या निष्कर्षांशी पूर्णपणे सहमत नव्हते. अशा वेळी ‘आधी नीट माहिती घेऊ’ म्हणणारा मंत्री बेजबाबदार वाटत नाही. उलट समंजस वाटतो.

आणि इथेच मला हा निर्णय चुकीचा वाटतो. अभ्यास चालू असताना काय करायचं, हाही एक निर्णय असतो. तो घेतला नाही म्हणजे जे चाललंय ते चालू राहतं. 2013 मध्ये नेमकं काय चालू राहिलं? त्या वर्षी ग्रोनिंगनमधून सुमारे 54 अब्ज घनमीटर गॅस काढला गेला. निरीक्षणालयाने कमी करा सांगितलं त्याच वर्षी उपसा कित्येक वर्षांतला सर्वाधिक.

हे कोणी खोडसाळपणे केलं नाही. थंडी लांबली होती, मागणी जास्त होती. पण एक कागद बारकाईने बघण्यासारखा आहे. ग्रोनिंगनवर त्या वेळी कमाल मर्यादा होतीच: दहा वर्षांत मिळून 425 अब्ज घनमीटर, म्हणजे सरासरी वर्षाला 42.5. ती कशासाठी घातली होती? देशातल्या लहान गॅसक्षेत्रांना आधी संधी मिळावी आणि मोठं क्षेत्र राखून ठेवावं, या धोरणासाठी. भूकंपाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. सरासरीची मर्यादा असल्याने एखाद्या वर्षी 54 काढले तरी नियम मोडत नव्हता. म्हणजे मंत्र्याच्या हातातला एकमेव आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता. सुरक्षिततेच्या प्रश्नासाठी त्याच्याकडे आकडाच नव्हता.

हे कुठल्याही देशातल्या संसाधन-मंत्र्याला लागू पडेल असं वाटतं. किती धोका चालेल, हे कंपनी ठरवू शकत नाही. तिचा त्यात स्वार्थ आहे. निरीक्षकही ठरवू शकत नाही. तो धोका मोजून देईल, पण ‘इतका चालेल’ म्हणण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. ते मंत्र्याने ठरवायचं आणि संसदेत मांडायचं. ग्रोनिंगनसाठी असा निकष 2015 मध्ये एका समितीने सुचवला तेव्हा कुठे आला: घर कोसळून एखाद्या व्यक्तीचा मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकापेक्षा जास्त नको. गॅस निघायला लागून तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

तड्यांचा पंचनामा

दरम्यान गावांत काय चाललं होतं, हे मंत्रालयात बसून कळणं अवघड होतं. ज्याच्या घराला तडा जाई त्याने तक्रार करायची ती एनएएमकडे. पंचनामा करणारा माणूस एनएएमच्या खर्चाने यायचा. तो भिंतीभिंतीवर तडे मोजायचा आणि प्रत्येकाला अक्षर द्यायचा. ‘ए’ म्हणजे भूकंपाने पडलेला, ‘बी’ म्हणजे जुना पण भूकंपाने वाढलेला, ‘सी’ म्हणजे भूकंपाशी संबंध नसलेला. ‘सी’ला पैसे नाहीत. आपल्या स्वयंपाकघरातला तडा ‘सी’ आहे असं वाचलेल्या माणसाने दुसरा तज्ज्ञ आणायचा, त्याचा अहवाल वेगळा निघायचा, मग तिसरा. फाइल जाडजूड होत जायची आणि भिंतीला लाकडी टेकू तसाच उभा. शेजारच्या घराला पैसे मिळाले आणि याला नाही, यावरून गावात मनं दुखावली ती वेगळीच.

ज्याने नुकसान केलं त्यानेच ते मोजायचं, आणि नुकसानभरपाईच्या खर्चातला मोठा वाटा शेवटी सरकारच्याच नफ्यातून वजा होणार! मंत्री इथेही दोन्हीकडे होता. पुरावा देण्याचं ओझं रहिवाशावरून काढून कंपनीवर टाकणारा कायदा 2016 च्या शेवटी लागू झाला, आणि एनएएमला या कामातून बाजूला करून सरकारी समितीकडे पंचनामे गेले ते मार्च 2018 मध्ये. हाउझिंगेच्या धक्क्यानंतर साडेपाच वर्षांनी.

17 जानेवारी 2014 ला काम्प स्वतः गॅसक्षेत्रातल्या लॉपर्सम गावी गेले आणि निर्णय जाहीर केला. लॉपर्समच्या आसपासच्या विहिरींचा उपसा 80 टक्क्यांनी कमी, एकूण मर्यादा वर्षाला 42.5. बाहेर संतप्त लोक जमले होते. मंत्री गावात आले ही चांगली गोष्ट, पण लोकांना आकडे वाचता येतात. 42.5 म्हणजे जुनीच सरासरी. फक्त आता ती दर वर्षाची मर्यादा झाली.

त्यानंतर आकडा उतरत गेला: 30, मग 27, 24, 21.6. ही घट मंत्र्यांनी आपणहून केली असं म्हणणं धाडसाचं ठरेल. फेब्रुवारी 2015 मध्ये स्वतंत्र सुरक्षा मंडळाने अहवाल दिला की 2013 पर्यंत रहिवाशांच्या सुरक्षिततेचा निर्णयांवर काही प्रभाव नव्हता. काम्प यांनी माफी मागितली. एप्रिल 2015 मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने लॉपर्समभोवतीचा उपसा जवळपास थांबवला. नोव्हेंबरमध्ये त्याच पीठाने मंत्र्यांचा मूळ निर्णय रद्द करून मर्यादा 27 वर आणली. नोव्हेंबर 2017 मध्ये नंतरचा निर्णयही रद्द. न्यायाधीशांचा आक्षेप दोन्ही वेळा साधारण एकच होता: इतका गॅस काढणं लोकांच्या जिवाच्या दृष्टीने का ठीक आहे, याची कारणमीमांसा मंत्र्यांनी दिलेली नाही. गॅस कमी काढता येईल का हे त्यांनी तपासलं, पण मागणी कमी करता येईल का हे तपासलंच नाही.

हे दुसरं वाक्य माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. चार-पाच वर्षांत उपसा निम्म्याहून खाली आला आणि कोणाच्या घरची शेगडी विझली नाही. म्हणजे 2013 मध्ये जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं, त्यातलं बरंचसं कोणी करून बघितलं नव्हतं, एवढंच.

प्रश्न उलटा केला

ऑक्टोबर 2017 मध्ये एरिक वीबेस मंत्री झाले. पक्ष तोच, पंतप्रधान तेच, खातंही जवळपास तेच. वीबेस डेल्फ्टचे मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी ग्रोनिंगनच्या हाताळणीला जाहीरपणे सरकारचं अपयश म्हटलं. 8 जानेवारी 2018 ला झेराइप इथे 3.4 तीव्रतेचा धक्का बसला. निरीक्षणालयाने सल्ला दिला: वर्षाला 12 अब्ज घनमीटरपर्यंत खाली या.

इथवर सगळे मंत्री एकच हिशोब करत आले होते: देशाला गॅस किती लागतो, त्यातून इतर मार्ग वजा करा, उरेल तेवढा ग्रोनिंगनमधून काढा. वीबेस यांनी वजाबाकी दुसऱ्या टोकाकडून धरली. ग्रोनिंगनमधून शून्य काढायचा असेल तर मागणीतला कोणता तुकडा कधी बाजूला काढावा लागेल? मग प्रत्येक तुकड्यामागे लागणं आलं. सुमारे 200 मोठ्या कारखान्यांना पत्रं गेली की 2022 पर्यंत या गॅसवरून उतरा. सर्वांत मोठ्या नऊ ग्राहकांसाठी पुढे कायद्यानेच बंदी आली. आयात गॅसमध्ये नायट्रोजन मिसळणारा झाउटब्रूक इथला लांबणीवर पडलेला कारखाना हाती घेतला. जर्मनी, बेल्जियम, फ्रान्सशी त्यांच्या घरांतली उपकरणं बदलण्याचं वेळापत्रक जुळवलं. जुलै 2018 पासून नव्या घरांना गॅस जोडणी देण्याची सक्ती काढून टाकली. 29 मार्च 2018 ला त्यांनी जाहीर केलं: उशिरात उशिरा 2030 पर्यंत उपसा पूर्ण बंद. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ती तारीख 2022 वर आणली.

यात कंटाळवाण्या कामाचा वाटा मोठा होता. बर्नर बदलणं, नायट्रोजनचा कारखाना, शेजारी देशांच्या अधिकाऱ्यांशी बैठका, यातलं काहीच भाषणात सांगण्यासारखं नाही. पण संसाधन-मंत्र्याच्या हातात खरी सत्ता असते ती इथे. विहिरीचा नळ बंद करण्याचा आदेश एका ओळीचा असतो. तो आदेश देता यावा म्हणून जे आधी करून ठेवावं लागतं त्याला चार वर्षं लागली.

त्याच काळात कायदाही बदलला. पूर्वी कंपनी आराखडा आणायची आणि मंत्री तो मंजूर करायचा. आता दर वर्षी किती काढायचा हे मंत्री ठरवणार, आणि कंपनीने तेवढाच काढायचा. भागीदाराशी हिशोबही मिटवावा लागला: जून 2018 मध्ये शेल आणि एक्सॉनशी करार झाला. जमिनीत राहणाऱ्या सुमारे 450 अब्ज घनमीटर गॅसबद्दल कंपन्या दावा करणार नाहीत. बदल्यात नफ्यातला सरकारचा वाटा 90 वरून 73 टक्क्यांवर. करार चांगला की वाईट यावर डच संसदेत बराच काथ्याकूट झाला. मला तो महागडा वाटतो. पण भागीदारीतून बाहेर पडायचं तर भागीदाराला काही ना काही द्यावं लागतं, आणि ती भागीदारी 1963 मध्ये सरकारनेच हौसेने केली होती.

वीबेस यांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. उपसा बंद होणार म्हणजे धोका उतरणार, मग इतकी घरं मजबूत करायची गरज आहे का, असा विचार करून त्यांनी 2018 च्या वसंतात घरं पक्की करण्याचं काम थांबवलं. यात 1,588 घरांचा एक गट होता. त्यांतल्या कुटुंबांची तपासणी झाली होती, काम होणार हे त्यांना कळवलेलं होतं. कागदावरचा तर्क बिनतोड. पण वर्षानुवर्षं टोलवाटोलवी सोसलेल्या माणसाला ‘आता गरज उरली नसावी’ असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. काम नंतर पुन्हा सुरू झालं, पण गेलेला विश्वास काही त्याबरोबर परत आला नाही. इंजिनिअर मंत्र्याला आकड्यातला धोका दिसला, दिलेल्या शब्दाची किंमत दिसली नाही. 2021 च्या सुरुवातीला वीबेस यांनी राजीनामा दिला. कारण मात्र वेगळं होतं, बालसंगोपन भत्त्यांचा घोटाळा.

परीक्षेचा हिवाळा

2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि युरोपात गॅस कधी नव्हता इतका महाग झाला. पायाखाली 450 अब्ज घनमीटर पडून, आणि आपण तो काढायचा नाही? देशात आणि देशाबाहेरही हा प्रश्न विचारला गेला. विचारणाऱ्यांना वेड्यात काढण्याचं कारण नाही. बिलं भरता येत नसलेली कुटुंबं खरीखुरी होती.

त्या वर्षी नव्या मंत्रिमंडळात एक लहानसा बदल झाला होता, ज्याकडे बाहेर फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. ऊर्जापुरवठा रॉब येटन यांच्याकडे आणि खाणकाम राज्यमंत्री हान्स फाइलब्रीफ यांच्याकडे. मंत्रालय एकच, पण हिवाळ्याची चिंता आणि भूकंपाची चिंता आता एकाच माणसाच्या डोक्यात नव्हती. फाइलब्रीफ यांनी उपसा वाढवला नाही. ऑक्टोबर 2022 पासूनच्या गॅसवर्षासाठी 2.8 अब्ज घनमीटर ठेवले, म्हणजे विहिरी चालू स्थितीत राहाव्यात इतकेच. ही ताठ भूमिका घेता आली ती 2018 पासून केलेल्या त्या कंटाळवाण्या कामामुळे. तोवर ग्रोनिंगनवाचून देश चालवता येतो हे प्रत्यक्षात दिसलं होतं.

फेब्रुवारी 2023 मध्ये संसदीय चौकशी समितीचा अहवाल आला. गॅस काढताना ग्रोनिंगनच्या लोकांचं हित पद्धतशीरपणे डावललं गेलं, असा त्याचा निष्कर्ष. देशावर त्यांचं ऋण आहे, असंही समितीने म्हटलं. एका मंत्र्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यापेक्षा समितीने सगळ्या रचनेकडे बोट दाखवलं, आणि ते मला बरोबर वाटतं. काम्प यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्या खुर्चीत बसून जानेवारी 2013 मध्ये वेगळं वागलं असतं, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण म्हणून त्यांची सुटकाही होत नाही. पत्र त्यांच्याच टेबलावर आलं होतं. सरकारने पुढच्या तीस वर्षांसाठी 22 अब्ज युरोंचं पॅकेज जाहीर केलं. 363 अब्जांशेजारी ठेवला की हा आकडा कसा दिसतो, ते वाचणाऱ्याने बघावं.

1 ऑक्टोबर 2023 ला उपसा बंद झाला. जानेवारी 2024 मध्ये थंडीची लाट आली तेव्हा खबरदारी म्हणून दोन ठिकाणच्या विहिरी थोडा वेळ पुन्हा सुरू केल्या गेल्या, आणि गावांत लगेच धास्ती पसरली: विहीर उघडी आहे तोवर कोणतंही पुढचं सरकार ती वापरू शकतं. एप्रिलमध्ये वरिष्ठ सभागृहाने कायमस्वरूपी बंदीच्या विधेयकावरचं मतदान पुढे ढकलायचं ठरवलं, तेव्हा फाइलब्रीफ यांनी राजीनाम्याचा इशारा दिला. 16 एप्रिलला विधेयक मंजूर झालं, 19 एप्रिल 2024 पासून कायदा लागू. विहिरींत आता काँक्रीट भरलं जात आहे.

खडकातला ताण मात्र कायद्याने उतरत नाही. लहान धक्के अजून काही वर्षं येत राहतील असं तज्ज्ञ सांगतात, आणि हजारो घरं पक्की करायचं काम बाकी आहे. त्याचं बिल कोणी किती भरायचं यावरून जुने भागीदार आता लवादात समोरासमोर आहेत. घरं मजबूत करण्याच्या खर्चावरून एनएएमने 2022 मध्ये लवादाचा मार्ग धरला, आणि 2024 मध्ये एक्सॉनमोबिलने ऊर्जा सनद कराराखाली (ऊर्जाक्षेत्रातल्या परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणारा करार) नेदरलँड्सवर आंतरराष्ट्रीय दावा दाखल केला. तिथे मंत्र्याचे वकील ज्या कागदांवर बोट ठेवतील, त्यांतल्या बऱ्याच कागदांवर सह्या मंत्रालयाच्याच आहेत.